न छापलेली प्रस्तावना

नकाशा उघडून कन्नड तालुक्यातले पिशोर शोधावे आणि आजूबाजूला नजर फिरवावी. दक्षिणेला वेरूळ, ईशान्येला अजिंठा, आणि पश्चिमेला त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, गौताळ्याच्या डोंगरात, पितळखोरे. तिन्ही ठिकाणी बुद्धाच्या अनुयायांनी कोरवून घेतलेली लेणी आहेत. विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांचा मेळ कसा घालायचा, आणि तो घातल्याने माणूस खरोखर पालटतो का, या प्रश्नाचा शोध घ्यायला महाराष्ट्रात याहून योग्य मुलूख मला दिसत नाही. कारण या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले, आणि त्यांच्या कागदपत्रांत हा मुलूख पुन्हा पुन्हा येतो.

आधी सर्वांत जुना कागद, म्हणजे दगड. पितळखोऱ्याच्या लेण्यांत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतले ब्राह्मी दानलेख आहेत. पैठणच्या गंधिक कुळातल्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातल्या, मितदेवाने एक खांब दिला. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराची नोंद आहे. आणि विहारातल्या लेखांत एक राजवैद्य भेटतो. त्याचे नाव मगिल. त्याच्याबरोबर त्याची मुलगी दत्ता आणि मुलगा दत्तक यांचीही दाने नोंदलेली आहेत. रोग्यांवर उपचार करणारा, औषधींची पारख असलेला माणूस आपल्या लेकरांसह भिक्षूंच्या निवाऱ्याला हातभार लावतो, एवढेच हे लेख सांगतात. वैद्यकाचा आणि श्रद्धेचा त्याच्या मनात कसा मेळ होता हे दानलेखातून काढू जाऊ नये. दानलेखाचे काम दान नोंदवण्याचे. पण ज्ञानाचा धंदा करणारी माणसे या संघाच्या दारात उभी होती, एवढे निश्चित म्हणता येते.

आता एकदम 1934 साली येऊ. बाबासाहेबांच्या निधनानंतर मिळालेल्या कागदांत इंग्रजीतले एक छोटे आत्मकथन होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1990 मध्ये पुस्तिकारूपाने छापले. त्यातले एक प्रकरण आपल्या भागातले आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी प्रवासाला निघायचे ठरवले, आणि काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असा निश्चय झाला. सुमारे तीस जणांचा हा जथा निजामाच्या राज्यात शिरला आणि औरंगाबादच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहायला थांबला. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळ्यांची अंगे माखली होती. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेले छोटे टाके होते. काहींनी त्यात हातपाय, तोंड धुतले. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध धावत आला आणि टाके बाटवले म्हणून ओरडू लागला. लोक जमले, शिव्याशाप झाले, हातघाईची वेळ आली. हेच तुमचा धर्म शिकवतो का, एखादा अस्पृश्य तुमच्या धर्मात आला तर त्यालाही पाणी नाकाराल का, असे बाबासाहेबांनी चढ्या आवाजात विचारले तेव्हा जमाव गप्प झाला. किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. ती पाळली जाते की नाही हे बघायला एक हत्यारी शिपाई बरोबर दिला गेला.

या प्रकरणातल्या दोन बाबींकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यायला हवे. येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 रोजी धर्मांतराची घोषणा झाली, त्याआधीच्या वर्षीची ही सहल आहे, आणि तिच्यात काहीही झाले तरी गाठायचे ठिकाण होते ते म्हणजे बौद्ध लेणी. दुसरी बाब पाण्याची. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत कोणत्याही एका धर्माच्या ग्रंथापुरती उरलेली नव्हती. ती हिंदूंच्या गावात होती तशी मुसलमानांच्या किल्ल्यावरही होती. महाडला 1927 साली चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले तेव्हा तळ्यात पंचगव्य ओतून ‘शुद्धी’ केली गेली होती. ज्या समजुतीला निसर्गात काडीचा आधार नाही ती धर्माच्या नावावर माणसाला तहानलेला ठेवू शकते, हे ज्याने अंगावर सोसले त्याच्या दृष्टीने धर्म आणि विज्ञान यांचा संबंध हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला प्रश्न राहत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न त्याआधी अनेकांनी हाताळला होता. 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला. रानडे-भांडारकरांनी मूर्ती आणि चमत्कार बाजूला सारून एकेश्वरी भक्ती ठेवली. केरोपंत छत्र्यांनी पंचांग आकाशाशी जुळवून घेण्याचा ध्यास घेतला. जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ मांडला. आगरकरांनी बुद्धीखेरीज दुसरा अधिकार मानला नाही. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे. तरी जिथे विज्ञानाची कसोटी खुद्द धर्मसंस्थापकाच्या चरित्राला आणि वचनांना लावली गेली आणि त्यातून लाखो लोकांनी आचरणात आणलेला धर्म उभा राहिला, असे उदाहरण एकच आहे.

त्या उदाहरणाचा माग काढायचा तर सुरुवात 1950 च्या एका लेखापासून करावी लागते. कलकत्त्याच्या महाबोधि सोसायटीच्या नियतकालिकाने वैशाख अंकासाठी बाबासाहेबांकडे लेख मागितला. ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ हा तो लेख. त्यात त्यांनी धर्माला चार अटी घातल्या. समाज एकत्र राहतो तो कायद्याच्या धाकाने किंवा नीतीच्या बळावर. कायद्याचा धाक थोड्यांनाच आवरतो, बाकी सारे नीतीवर सोडावे लागते, म्हणून नीती या अर्थाने धर्म समाजाला हवाच. हा धर्म विज्ञानाशी, म्हणजेच बुद्धीशी, सुसंगत हवा, नाही तर तो हसण्याचा विषय होतो आणि कोलमडतो. त्याच्या नीतीत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हवी. आणि त्याने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. चौथी अट मला नेहमी थांबवते. विज्ञान-धर्म समन्वयाच्या शेकडो लेखांत ती आढळत नाही, कारण ते लेख लिहिणाऱ्यांना बहुधा पोटाची चिंता नसते.

पहिल्या दोन अटी जवळजवळ ठेवून वाचल्या की मांडणीचे मर्म कळते. विज्ञान आल्यावर धर्माची गरज संपली असे बाबासाहेब म्हणत नाहीत. तसेच आपल्या धर्मात विज्ञान आधीपासूनच होते असेही म्हणत नाहीत. विज्ञानाने जागा झालेला समाज नीतीशिवाय टिकणार नाही, आणि विज्ञानाशी भांडणारा धर्म त्याला नीती देऊ शकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

याच सुमारास, जून 1950 मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कला आणि विज्ञान या शाखांचे महाविद्यालय सुरू केले. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात होते. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंद म्हणजे वायव्येकडचा ग्रीक राजा मिनांदर, आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्षू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात वाद सुरू होण्यापूर्वी नागसेन राजाला एक अट घालतो. पंडित वाद घालतात तसा वाद घालणार असशील तर बोलू, राजे घालतात तसा असेल तर नको. पंडिताची चूक दाखवली की तो ती मान्य करतो आणि रागावत नाही, तर राजाच्या मताविरुद्ध बोलणाऱ्याला शिक्षा होते. राजा पहिली रीत पत्करतो. विज्ञान जिथे शिकवले जाते त्या जागेला या दोघांची नावे देणे यात एक पूर्ण शिक्षणविचार आहे. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही त्या आवारात सन्मानाने नांदतात.

त्या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस. ‘युगयात्रा’ या नाटकाचे लेखक म्हणून दलित रंगभूमीच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. आपल्या कथेत ते आणखी एका कारणाने येतात. ते कारण ज्या कागदात आहे तो या लेखाचा खरा नायक.

हा कागद म्हणजे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 च्या मार्च-एप्रिलमध्ये लिहिलेली प्रस्तावना. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला, पण ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी 1980 मध्ये बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावनांच्या संग्रहात ती छापली तेव्हा ती वाचकांच्या हाती पडली. म्हणजे ग्रंथ आणि त्याची जन्मकथा यांची तेवीस वर्षे ताटातूट झाली होती.

तिच्यात काय आहे? ग्रंथ कसा सुचला हे सांगताना ते महाबोधिच्या लेखाचा उल्लेख करतात. विज्ञानाने जागा झालेला समाज स्वीकारू शकेल असा धर्म फक्त बुद्धाचा आहे असे आपण त्यात मांडले, आणि बौद्ध वाङ्मय अफाट असल्यामुळे एका हाती धरता येईल असा ग्रंथ नाही ही उणीवही दाखवली, मग लोकांनी तो ग्रंथ तुम्हीच लिहा असा आग्रह धरला, असे ते सांगतात. बुद्धाकडे आपण पहिल्यांदा कसे वळलो हेही आहे. इंग्रजी चौथी पास झाल्यावर जातबांधवांनी सत्काराची सभा घ्यायचे ठरवले. वडिलांनी साफ नकार दिला, मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. मग मंडळी वडिलांचे स्नेही दादा केळुसकर यांच्याकडे गेली, त्यांनी वडिलांचे मन वळवले, सभेचे अध्यक्षपद घेतले आणि शेवटी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवले. ते वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, बुद्धाचे का नाही?

प्रस्तावना वाचताना दोन ठिकाणी थबकावे लागते. महाबोधिचा लेख 1951 सालचा असे तीत म्हटले आहे, पण लेख छापला गेला तो 1950 मध्ये. आणि केळुसकरांच्या सभेचे निमित्त चरित्रकारांनी मॅट्रिकची परीक्षा असे दिले आहे, जी बाबासाहेब 1907 साली उत्तीर्ण झाले, तर प्रस्तावनेत ते इंग्रजी चौथी आहे. पहिल्या बाबतीत छापील अंक हा निर्णायक पुरावा मानावा. दुसऱ्या बाबतीत वर्गाहून प्रसंगाचा गाभा महत्त्वाचा, आणि तो दोन्हीकडे एकच आहे. प्रस्तावना लिहिणारा माणूस पाच वर्षे आजाराशी झगडत होता हे तिच्यातच नमूद आहे. विझू पाहणारी ज्योत पुन्हा पेटवल्याचे श्रेय तो पत्नी सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला देतो. इतक्या आजारपणात लिहिलेल्या आठवणीत एका सालाची गल्लत होणे स्वाभाविक आहे. धर्माविषयीच्या ग्रंथाच्या आरंभी आपला श्वास वैद्यकामुळे चालू आहे असे लिहून ठेवणे, ही बाब मला मोलाची वाटते. नवस, अंगारा, कृपा यांपैकी कशाचाही तिथे उल्लेख नाही.

आणि इथेच चिटणीस भेटतात. मुद्रिते तपासण्यात आणि सगळा ग्रंथ नजरेखालून घालण्यात त्यांनी विशेष आस्था दाखवली म्हणून बाबासाहेब त्यांचे आभार मानतात. म्हणजे हा ग्रंथ जगासमोर येण्याआधी ज्या थोड्या डोळ्यांखालून गेला त्यांत औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे डोळे होते. पुढे मराठी भाषांतर झाले त्याच्या तीन अनुवादकांत घनश्याम तळवटकर आणि शां. शं. रेगे यांच्याबरोबर चिटणीसही होते.

प्रस्तावनेत बाबासाहेब मौलिकतेचा दावा करत नाहीत. साहित्य ठिकठिकाणचे आहे, अश्वघोषाची तर काही ठिकाणी भाषाच घेतली आहे, आपले म्हणायचे ते विषयांची मांडणी आणि सुबोधता एवढेच, असे ते लिहितात. ग्रंथ वाचणाऱ्याला मात्र हे विनयाचे बोल वाटतात. कारण ग्रंथाच्या परिचयातच त्यांनी परंपरेपुढे चार प्रश्न टाकले आहेत. सिद्धार्थाने घर का सोडले? एकोणतिसाव्या वर्षी म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पहिल्यांदाच दिसला म्हणून, हे उत्तर बुद्धीला पटत नाही, कारण रोज शेकड्यांनी घडणाऱ्या गोष्टी तोवर त्याच्या नजरेस पडल्या नाहीत हे संभवत नाही. चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतली की भिक्षूंनी नंतर घातलेली? आत्मा नाही म्हणायचे आणि कर्म व पुनर्जन्म मानायचे, हे एकत्र कसे बसते? आणि भिक्षू कशासाठी, स्वतःच्या पूर्णतेसाठी की लोकांच्या सेवेसाठी?

पहिल्या प्रश्नाला ग्रंथ जे उत्तर देतो ते असे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, युद्धाला सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्यातून त्याला घर सोडावे लागले. मराठी वाचकाला यामागे धर्मानंद कोसंबींची सावली दिसेल. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात म्हातारा, आजारी, मृत दिसल्याची ही कथा बाजूला ठेवून सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताकडे बोट दाखवले होते, जिथे एकमेकांवर शस्त्र उगारणारी माणसे पाहून आलेला उद्वेग सांगितला आहे. त्यांच्या ‘बोधिसत्त्व’ नाटकातही शाक्य-कोलीयांचा कलह आहे. तेव्हा ही मांडणी हवेतून आलेली नाही. गोव्यात जन्मलेल्या, पायी हिंडत पाली शिकलेल्या एका मराठी पंडिताच्या खटपटीशी तिचा धागा जुळतो. दौलताबादच्या टाक्याचा प्रसंग लिहून ठेवणाऱ्या माणसाला पाण्यावरून पेटलेला तंटा हे गृहत्यागाचे कारण अधिक खरे वाटावे, हेही समजण्यासारखे आहे. हा माझा तर्क. कागद तसे सांगत नाही.

दुसरा धागा दक्षिणेतला. मद्रासचे पी. लक्ष्मी नरसू हे विज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी 1907 मध्ये ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ लिहून बुद्धविचाराची बुद्धिवादी मांडणी केली. बाबासाहेबांनी 1948 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती स्वतः प्रस्तावना लिहून मुंबईत काढली. प्रयोगशाळेत उभे राहणाऱ्या माणसाने लिहिलेले बौद्ध धर्मावरचे पुस्तक त्यांनी शोधून पुन्हा लोकांपुढे ठेवले, यातून त्यांचा कल स्पष्ट होतो.

ग्रंथातला सर्वांत कठीण भाग पुनर्जन्माचा. बाबासाहेबांचे उत्तर असे की मृत्यूनंतर आत्मा कुठे जात नाही, कारण तो नाहीच. शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते मात्र नष्ट होत नाहीत. ती विश्वातल्या आपल्या जातीच्या साठ्यात मिसळतात आणि पुढे नव्या देहांत येतात. ऊर्जा नाहीशी होत नाही या विज्ञानाच्या सिद्धान्ताशी हे जुळते, असे ते दाखवतात. मागच्या जन्मीच्या कर्माने आजची गरिबी ठरते, ही कल्पना ते साफ नाकारतात. मुलाला देह मिळतो तो आईबापांकडून, आनुवंशिकतेने. आणि पूर्वकर्माचा सिद्धान्त मानला तर गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर उरतच नाही.

इथे मला माझे मत स्पष्ट सांगावे लागेल. ऊर्जेच्या अविनाशित्वाचा आधार घेऊन पुनर्जन्माची मांडणी करणे हा या ग्रंथातला सर्वांत दुबळा सांधा आहे. भौतिकशास्त्रातली ऊर्जा ही मोजण्याची राशी आहे. जीवनाच्या अर्थाबद्दल ती काही बोलत नाही. तसेच, जे बुद्धीला पटते ते बुद्धाचे वचन मानावे, ही त्यांनी घातलेली कसोटी इतिहासलेखनाची कसोटी म्हणून टिकणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने काय म्हटले हे आज आपल्याला काय पटते त्यावरून ठरत नाही. पण जगायचा धर्म निवडण्याची कसोटी म्हणून ती भक्कम आहे, आणि बाबासाहेब धर्म निवडत होते. माझ्या शब्दावर केवळ मी बोललो म्हणून विश्वास ठेवू नका, असे सांगणाऱ्या गुरूला त्याच्याच मापाने मोजणे, यात मला अनादर दिसत नाही.

पुनर्जन्माचे खरे उत्तर ग्रंथात नसून नागपूरला दिले गेले असे मी मानतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, कुशीनाऱ्याच्या भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी जमलेल्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या शेवटच्या काहींपैकी एक, आज आपला नवा जन्म होत आहे असे मान्य करणारी आहे. याच देहात, याच दिवशी, मरणाची वाट न पाहता. या जन्मासाठी प्राण्यांवर दया, चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे असे आचरण प्रतिज्ञांत बांधलेले आहे. ज्याला आपली जात मागच्या जन्माचे फळ वाटत होती त्याला सांगितले गेले की मागचा जन्म म्हणजे कालपर्यंतचे आयुष्य. माणसाचे रूपांतर या शब्दांना याहून नेमका अर्थ मला कुठल्या धर्मग्रंथात सापडलेला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बीबीसीवरच्या भाषणात त्यांनी बौद्ध धर्म आवडण्याची तीन कारणे सांगितली होती. प्रज्ञा, करुणा आणि समता. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धा आणि दैवी चमत्कार यांच्याविरुद्धची समज, असा खुलासाही केला होता.

ग्रंथाच्या छपाईची कहाणी मात्र दुःखद आहे. 14 सप्टेंबर 1956 रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. छपाईचा सुमारे वीस हजार रुपयांचा खर्च आपल्या आवाक्याबाहेर आहे, बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त सरकारने ग्रंथालये आणि येणारे विद्वान यांच्यासाठी पाचशे प्रती घ्याव्यात, अशी विनंती होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, समारंभाच्या काळात पुस्तक दिल्लीत विक्रीला ठेवावे. प्रती घेतल्या गेल्या नाहीत. 5 डिसेंबरच्या रात्री त्यांनी सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून ग्रंथाच्या परिचयाची आणि प्रस्तावनेची टंकलिखिते टेबलावर ठेवून घेतली. 6 डिसेंबरच्या पहाटे ते गेले.

ग्रंथावर टीकाही झाली. 1950 चा लेख ज्या महाबोधिने छापला त्याच नियतकालिकात 1959 मध्ये कठोर परीक्षण आले. हा बुद्धाचा धम्म नसून लेखकाचा स्वतःचा आहे, असा त्याचा रोख होता. पहिल्या आवृत्तीत आधारग्रंथांचे निर्देश नव्हते, त्यामुळे टीकेला बळ मिळाले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली वाङ्मयातले आधार एकेक करून शोधले, आणि बहुतेक मजकूर तिपिटकातून आलेला आहे हे दिसले. फरक पडतो तो निवडीत आणि क्रमात. तो फरक मोठा आहे आणि तो लेखकाने लपवलेलाही नाही.

परिणाम काय झाला? 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. 1961 मध्ये ते सुमारे 27 लाख 90 हजार झाले. 2001 च्या जनगणनेत देशातल्या बौद्धांची साक्षरता 72.7 टक्के होती, देशाची सरासरी 64.8 आणि अनुसूचित जातींची 54.7. या आकड्यांमागे शाळा, वसतिगृहे, आरक्षण, शहरांकडचे स्थलांतर अशी अनेक कारणे आहेत. केवळ धर्मांतराने साक्षरता वाढली असा निष्कर्ष कोणी काढू नये. शिवाय बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती 1990 पर्यंत नव्हत्या, म्हणून कागदावर जुनी जात ठेवणारी घरेही असणारच. पण ज्या समाजाला अक्षर वर्ज्य होते त्याने नवा धर्म घेताना शाळेला विहाराइतकाच मान दिला, आणि तो मान आकड्यांत उतरला, इतके म्हणायला हरकत नाही. औरंगाबादपुरते बोलायचे तर मिलिंदमध्ये गंगाधर पानतावण्यांसारखे संपादक शिकवत होते, आणि त्यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच शहरातून दीर्घकाळ निघत राहिले.

माझा निर्णय असा. धर्म आणि विज्ञान यांची सांगड घालण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्या पोथीत नवे शोध सापडल्याचे सांगणे हा सोपा मार्ग, आणि तो आज फार वापरला जातो. त्याने विज्ञान शिकता येत नाही आणि माणूसही बदलत नाही. दुसरा मार्ग अवघड आहे. आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या गुरूच्या चरित्रातलेही जे पटत नाही ते सोडायचे आणि जे उरते त्याप्रमाणे जगायचे. बाबासाहेबांनी हा दुसरा मार्ग घेतला. त्यात त्यांचे काही सांधे कच्चे राहिले, तरी मार्ग बरोबर आहे.

दिल्ली, मुंबई, नागपूरचे कागद ग्रंथालयांत आणि सरकारने काढलेल्या खंडांत सुरक्षित आहेत. गावांचे कागद घराघरांत असतात. पिशोरपासून कन्नडपर्यंत, सिल्लोडपासून खुलताबादपर्यंत ज्यांच्या आजोबा-आजींनी 1956 नंतर दीक्षा घेतली त्यांना विनंती आहे. दीक्षा समारंभाची पत्रिका, धर्माचा रकाना बदललेला शाळेचा दाखला, नागसेनवनातल्या वसतिगृहातून घरी आलेले पोस्टकार्ड, विहाराच्या वर्गणीची वही, यांतले काहीही घरात असेल तर रद्दीत देऊ नका. त्याचे छायाचित्र काढा, मागे साल आणि नाव लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे एक प्रत द्या.